मोबाईलवर मनाच्या आजाराची माहिती : खरी कशी ओळखाल?

झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही, उगाच रडू येते किंवा चीड येते. हे दोन आठवडे रोज चालले तर तो स्वभाव नाही आणि नाटकही नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. पण आपल्या बारामती-इंदापूरच्या वस्त्यांमध्ये याची वाच्यता होत नाही. 'लोक वेडा म्हणतील', 'पोरीचं लग्न जमणार नाही' या धाकाने घर गप्प बसते. मग रात्री पांघरुणात मोबाईल उघडला जातो आणि तिथे पहिला भेटतो तो 'सात दिवसांत डिप्रेशन गायब' म्हणत पुडी विकणारा.

दोष मोबाईलचा नाही. त्याच मोबाईलवर तज्ज्ञ संस्थांची फुकट मदतही आहे. फक्त ती कुठे आहे हे माहीत हवे आणि खरे-खोटे तपासता यायला हवे.

सुरुवात १४४१६ पासून

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. तिचे मार्गदर्शन बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था करते. नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. २०२४ पासून तिचे ॲपही आहे.

एका खोलीत पाच माणसे राहतात तिथे मोकळे बोलणे अवघड असते. बांधावर, गच्चीवर किंवा विहाराच्या मागे जाऊन फोन करा. मोबाईल घरात सगळ्यांचा एकच असेल, तर बोलून झाल्यावर नंबर पुसून टाकता येतो.

मराठीतून ऐकण्यासारखे

ठाण्याची 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केली. तिच्या 'आवाहन' या यूट्यूब चॅनेलवर चिंता, नैराश्य, राग, पालकत्व, परीक्षेचा ताण यांवर सोप्या मराठीत व्हिडिओ आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा २०१२ पासून फोनवर व ईमेलवर समुपदेशन देते. घरात दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते आहे.

एक लक्षात ठेवा. व्हिडिओ ऐकून आजार समजतो, बरा होत नाही. व्हिडिओत ऐकलेले गोळीचे नाव मेडिकलमध्ये सांगून गोळ्या घेऊ नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंदही करू नका.

तज्ज्ञ कोण?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन मनाच्या आजारांचे पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तपासणी करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र चार दिवसांचा वर्ग करूनही लावलेली दिसते. म्हणून शिक्षण कुठे झाले, हे विचारायला लाजू नका.

मोबाईलवर काहीही पाहताना चार प्रश्न विचारा :

१. बोलणारा कोण? पदवी आणि संस्था सांगतो का?
२. शेवटी काही विकतो का?
३. 'शंभर टक्के बरे करतो' म्हणतो का? खरा डॉक्टर अशी हमी देत नाही.
४. माहिती कधीची? जुने, बंद पडलेले मदतीचे नंबर व्हॉट्सॲपवर फिरत राहतात.

डोळे झाकून मानू नका, तपासून घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

कायदा आपल्या बाजूने

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक उपचार मिळणे हा हक्क असून त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळायला हवेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. भूतबाधेच्या नावाखाली माणसाला मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

फोन पुरत नाही तेव्हा

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरकरांनी आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून 'मानसोपचारासाठी कुठे जाऊ?' असे थेट विचारावे. सोबत घरचे एक माणूस न्यावे आणि त्रास कधीपासून आहे, झोप किती लागते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे.

कुणी 'मला जगायचं नाही' म्हणाले तर ते मनावर घ्या. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध तिथून हलवा, कुलपात ठेवा. १४४१६ ला फोन लावा. काही खाल्ले-प्यायले असेल तर क्षणही न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाची बाटली सोबत न्या. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. असे पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा धरून चालतो, म्हणून सहसा त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत मनाच्या आजाराला कोणती नावे ठेवली जातात? त्याऐवजी काय म्हणता येईल?
२. आपल्या व्हॉट्सॲपवर आलेला आरोग्याचा एखादा निरोप वरच्या चार प्रश्नांवर तपासा.
३. १४४१६ हा नंबर वस्तीत कुठे कुठे लिहून लावता येईल, आणि कोण लावील?