जुन्या होडीची दुरुस्ती : हत्यारे, सामान आणि जिवाची हिफाजत

गेल्या एप्रिलमध्ये माझा भाचा दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, पाच किलो कच्चे सूत द्या." सूत कशाला, असे विचारल्यावर कळले की त्याने बत्तीस फुटांची एक जुनी लाकडी होडी विकत घेतली आहे. पैसे कुठून आले, हे मी विचारले नाही. बहिणीच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यावरून समजून घेतले.

दुरुस्तीचा अंदाज त्याने वहीच्या कागदावर मांडून आणला होता. फळ्या, खिळे, सुताराची मजुरी, रंग, इंजिनाचे काम असे सगळे त्यात होते. मी व्यापारी माणूस, कागद दोनदा वाचला. माणसाच्या डोळ्यांसाठी, फुफ्फुसांसाठी, हातांसाठी त्यात एक रुपयाही धरलेला नव्हता. आपल्या खाडीकाठच्या बहुतेक कारागिरांच्या हिशेबात हा रकाना नसतो. म्हणून हा लेख.

कापडाचा व्यापारी होडीबद्दल काय सांगणार, असे कोणी म्हणेल. पण कोकणपट्टीत होडी दुरुस्त करणारा माणूस कापडवाल्याकडे येतोच. फटींत भरायला सूत, पुसायला चिंध्या, झाकायला ताडपत्री आमच्याकडूनच जाते. तीस वर्षे हे सामान विकताना कारागिरांकडून जे शिकलो आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच इथे लिहितो.

आधी होडी तपासण्याचे हत्यार. ते सगळ्यांत स्वस्त आहे. लाकडी मुठीची टोकदार आरी घ्यावी आणि तळाच्या मुख्य लाकडापासून वरच्या काठापर्यंत हातभर अंतरावर टोचत जावे. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरते आणि घट्ट बसते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात जावे तसे जाते. वरून रंग चकचकीत आणि आत भुसा, हा प्रकार जुन्या होडीत फार. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा बारीक भोकातून शिरतो आणि आत बोटभर बोगदे करतो, बाहेरून कळतही नाही. लाकडी मोगरीने फळी ठोकून आवाज ऐकावा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथे खूण करावी. ही तपासणी सौदा होण्यापूर्वी करायची असते. भाच्याने ती सौद्यानंतर केली आणि तीन फळ्या जास्त निघाल्या.

दुसरी गोष्ट टेकूंची. होडी किनाऱ्यावर ओढली की दोन्ही बाजूंना टेकू लावतात. ते मऊ वाळूवर उभे करू नयेत. खाली जाड फळीचा तुकडा ठेवावा, म्हणजे भार पसरतो. समोरासमोरचे टेकू दोरीने किंवा साखळीने एकमेकांना बांधावेत, म्हणजे एक घसरला तर दुसरा धरतो. जॅक उचलण्यासाठी असतो, टेकवून ठेवण्यासाठी नव्हे. नुसत्या जॅकवर असलेल्या होडीखाली कोणीही शिरू नये. फळी बदलताना ज्या टेकूवर भार आहे तो काढण्यापूर्वी शेजारी दुसरा लावून घ्यावा.

आता जुना रंग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण यातला धोका दिसत नाही. जुन्या होड्यांच्या लाकडाला आणि खिळ्यांच्या डोक्यांना शेंदूर लावण्याची रीत होती. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. जुन्या तेलरंगांतही शिसे असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तीस-चाळीस वर्षांच्या होडीवर जे थर बसले आहेत ते त्याच्या कितीतरी आधीचे. हा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ श्वासातून जाते आणि हाताला लागलेली भाकरीबरोबर पोटात जाते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, सांधे दुखणे, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. लहान मुलांच्या मेंदूवर तर त्याचा कायमचा परिणाम होतो. आपल्याकडे बाप रंग घासतो आणि मुलगा शेजारी वाळूत खेळतो, हे चित्र मी नेहमी पाहतो.

म्हणून रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासावा किंवा धारदार खरवडणीने काढावा. गॅसच्या ज्योतीने तर मुळीच जाळू नये, कारण मग शिशाची वाफ होते. खाली ताडपत्री अंथरावी आणि पडलेले पापुद्रे गोळा करावेत, खाडीत लोटू नयेत. जेवणापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि घरच्या कपड्यांत, विशेषतः मुलांच्या, धुवायला टाकू नयेत. तळाला लावलेल्या, शंख-शिंपले बसू न देणाऱ्या रंगात बहुधा तांब्याचे विष असते. त्यालाही हीच काळजी.

मास्कबद्दल स्पष्ट बोलतो, आणि हे मी माझ्याच मालाविरुद्ध बोलतो आहे. रुमाल किंवा गमछा तोंडाला बांधून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क २०२० नंतर सगळ्यांनाच माहीत झाला आहे. आपल्याकडच्या मानकाचा आकडा आय.एस. ९४७३, त्यातला एफ.एफ.पी.२ दर्जाचा घ्यावा. शिशाचा रंग भरपूर काढायचा असेल, तर बदलता येणाऱ्या पी-३ गाळणीचा रबरी मास्क बरा. पण धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची वेगळी डबी लागते. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतो, तेव्हा विचारून घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांना दाढी आहे. दाढीवर मास्क चिकटून बसत नाही आणि कडेने धूळ आत जाते. डोक्यावरून घालायचा, पंख्याने हवा पुरवणारा टोप मिळतो, पण तो छोट्या कारागिराला परवडणारा नाही. तेव्हा दाढीवाल्याने धूळ होऊच न देणे, म्हणजे सगळे घासकाम ओले करणे आणि वाऱ्याकडे पाठ न करता तो अंगावरून आडवा जाईल असे उभे राहणे, हाच खरा इलाज. मास्क घातला म्हणून निर्धास्त होऊ नये.

डोळ्यांचा मामला तर सरळ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका सुताराचा पोरगा गंजलेल्या खिळ्याचे डोके छिन्नीने उडवत होता. डोके उडाले ते डोळ्यात. त्या डोळ्याने त्याला आता उजेड-अंधार एवढेच कळते. ज्या होडीवर तो काम करत होता तिची एक फळी त्याच्या चष्म्याहून कितीतरी महाग होती. बाजूंनीही झाकलेला, आय.एस.आय. छापाचा चष्मा प्रत्येक कामगाराला वेगळा द्यावा. दोघांत एक दिला की तो कोणाच्याच डोळ्यावर नसतो.

हातहत्यारांवर मी थोडेच लिहितो, सुताराला ती माझ्यापेक्षा जास्त कळतात. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट, करवत यांना धार हवी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती निसटून हातात जाते. विजेच्या ग्राइंडरचे मात्र सांगायलाच हवे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याचे लोखंडी कवच काढून टाकायचे आणि त्यावर लाकूड कापायचे दातेरी चाक बसवायचे, ही वाईट खोड सगळीकडे दिसते. दातेरी चाक लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते. लाकडासाठी वेगळी वर्तुळाकार करवत असते, ती वापरावी. चाकावर लिहिलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत.

वीज आणि भरतीचे पाणी यांचे वैर आहे. ओल्या वाळूवर अनवाणी उभे राहून ड्रिल चालवणाऱ्याने निदान ३० मिलिअँपियरला तुटणारे गळतीरक्षक स्विच बसवून घ्यावे. वायरचे जोड जमिनीवर न टाकता खुंटीवर टांगावेत.

मासळीच्या बंद खणाबद्दलही दोन शब्द. महिनोन्महिने झाकण लावलेल्या खणात कुजल्यामुळे हवेतला प्राणवायू संपलेला असू शकतो आणि विषारी वायूही साचतो. आधी झाकण उघडून पंख्याने बराच वेळ हवा खेळवावी. एक माणूस वर उभा असल्याशिवाय कोणी आत उतरू नये. आतला माणूस कोसळला, तर वरच्याने मागोमाग उडी मारू नये. अशा वेळी एकाचे दोन होतात.

आता माझ्या धंद्यातले. फटींत भरायचे सूत शुद्ध कापसाचेच हवे. कापूस ओला झाला की फुगतो आणि फट घट्ट बसते, पॉलिएस्टर तसे फुगत नाही. ओळखायचे असेल तर धागा जाळून पाहावा. कापूस कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. जुने सूत आकडीने पूर्ण काढावे, फटीला आतून रंगाचा हात द्यावा, मग बोथट पात्याच्या छिन्नीने आणि लाकडी मोगरीने सूत ठासावे. फार जोर करू नये. उन्हात सुकलेल्या फळ्यांत गच्च ठासले, तर पाण्यात फळ्या फुगल्यावर खिळे सैल होतात. म्हणून काम चालू असताना होडीवर सावली आणि ओली गोणपाटे असू द्यावीत.

राळ तेलात कढवताना भांडे निम्मेच भरावे आणि ते होडीपासून दूर ठेवावे. पेटले तर पाणी ओतू नये. वाळू आणि झाकण आधीच शेजारी ठेवावे. काजूच्या टरफलांचे तेल लावणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, त्या तेलाने कातडीला फोड येतात. पण फिरत्या ड्रिलजवळ मात्र हातमोजे नकोत, आणि लुंगी किंवा लांब ढगळ सदराही नको. अंगाबरोबर बसणारी सुती पँट आणि बंद बूट घालावेत. नायलॉन-पॉलिएस्टर कपडा आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो. तो स्वस्त आणि टिकाऊ असतो, मी विकतोही, पण राळेच्या चुलीजवळ जाणाऱ्याला देत नाही.

शेवटी चिंध्यांचे. उकळलेल्या अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात. वाळताना ते तेल हवेतला प्राणवायू घेते, त्यातून उष्णता होते आणि ढिगात ती अडकते. सुती चिंध्यांत हे जास्त होते. त्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवाव्यात.

भाच्याचा कागद मी परत दिला तेव्हा त्यावर माझ्या हाताने एक ओळ वाढवली होती: चार चष्मे, मास्कची पेटी, रबरी हातमोजे, गळतीरक्षक स्विच, झाकणाचा डबा. तो म्हणाला, "मामू, मग तिसरी फळी कशी येणार?" मी म्हटले, फळी माझ्याकडून उधार. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तेवढ्यात काम उरकायचे होते. सूत मी पाच किलो नाही, आधी दोनच किलो दिले. फटी मोजल्यावर बाकीचे.