समेट घडविणाऱ्याची जखम

सूरह निसाच्या ११४ व्या आयतीत, ज्या मोजक्या गुप्त सल्लामसलती भल्या ठरविल्या आहेत, त्यांत लोकांमध्ये समेट घडविण्याचा उल्लेख आहे. 'लोकांमध्ये' म्हटले आहे, केवळ 'श्रद्धावंतांमध्ये' नव्हे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आपल्या मोहल्ल्यात हे कार्य बहुधा मस्जिदीच्या इमामांकडे येते. पण ज्याच्या घरातच जनाजा उठला आहे, त्याने समेट कसा घडवावा?

नायजेरियातील कादुना येथील इमाम मुहम्मद अशफा यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १९९२ च्या मुस्लिम-ख्रिस्ती दंगलीत त्यांचे गुरू आणि दोन नातलग मारले गेले. समोरच्या बाजूचे पाद्री जेम्स वुये यांनी त्याच संघर्षात हात गमावला. दोघेही तरुणांच्या लढाऊ गटांचे म्होरके होते आणि दोघेही सूडाने पेटले होते. इमामांच्या मनाला कलाटणी दिली ती मस्जिदीत ऐकलेल्या एका खुतब्याने. विषय होता क्षमेचा. ताइफच्या लोकांनी दगडांनी रक्तबंबाळ केले असतानाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचा नाश मागितला नाही, हा प्रसंग त्यात आला होता.

१९९५ मध्ये दोघांनी मिळून कार्य आरंभिले. मात्र द्वेष एका दिवसात विरला, असे कोणी समजू नये. प्रवासात एकाच खोलीत झोपलेल्या इमामांचे तोंड उशीने दाबून टाकावे, असा विचार आपल्या मनात येत असे, हे पाद्रींनीच पुढे कबूल केले आहे. पाद्रींची आई आजारी पडली तेव्हा इमाम तिच्या भेटीस गेले. आजाऱ्याची विचारपूस ही सुन्नत आहेच. येथे तिने वर्षांची गाठ सैल केली. २००२ मध्ये कादुनाच्या धर्मगुरूंनी शांततेचा जाहीरनामा केला, त्यामागे या दोघांचेही परिश्रम होते. त्यांचे केंद्र इमामांना व पाद्रींना एकत्र बसवून प्रशिक्षण देते. तेथे कोणाला आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही. प्रत्येक जण आपल्याच ग्रंथातून बोलतो.

आपल्याकडे मदरशात जनाजाचे मसाइल बारकाईने शिकविले जातात. मयताच्या आईसमोर काय बोलावे, हे मात्र क्वचितच. 'सबर करा' एवढे म्हणून आपण उठतो आणि रडणाऱ्यास बेसबर ठरवितो. हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी पुत्रशोकात गेली, तरी कुरआनने त्यांच्या सबरला उणे म्हटलेले नाही.

मुअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषित (स.) त्यांच्या घरी गेले, मुलांना जवळ घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. मग त्यांनी जाफर (रजि.) यांच्या घरच्यांसाठी जेवण बनविण्यास लोकांना सांगितले, कारण त्या घरावर दुःख कोसळले होते. इमामांच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा या हदीसवर व्हावा, असे आम्हास वाटते. वाटाघाटींचे तंत्र त्यानंतर शिकविता येईल.