तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्या क्रमांकावर

करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल नवव्या अध्यायात शर्यतीचा दाखला देतो आणि बाराव्यात एका शरीराच्या अनेक अवयवांचा. धावणारा एकटाच धावतो. अवयवाला मात्र एकटे राहता येत नाही. सांघिक खेळातील खेळाडूच्या मनाची ओढाताण नेमकी या दोहोंमध्ये होत असते.

फ्रेंच शेतकी अभियंता रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढावयास लावून त्यांच्या जोराचे मोजमाप केले व ते 1913 साली प्रसिद्ध केले. आठ जणांची एकत्र ओढ आठ सुट्या माणसांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मी भरली. ताल न जुळल्याने काही जोर वाया गेला असेल, हे खरे. परंतु 1974 साली अमेरिकेत इंगहॅम व सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसामागे ओढण्याचे नुसते सोंग करणारी माणसे उभी केली, तरीही त्याचा हात सैल पडला. आपला वाटा कोण मोजतो, ही भावनाच त्यास कारण होती.

आता बंगळूरकडे वळू. 1892 साली वसलेल्या चामराजपेटेतील गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना विचारून पाहा. फलंदाजी सर्वांनाच आधी हवी असते! याच शहरात मराठी घरात वाढलेले आणि येशूसंघीयांच्या सेंट जोसेफ शाळेत शिकलेले राहुल द्रविड यांच्याकडून मार्च 2001 मध्ये कोलकात्यात तिसरा क्रमांक काढून घेण्यात आला. पहिल्या डावात त्यांच्या 25 धावा होत्या, तर सहाव्या क्रमांकावरील लक्ष्मण यांच्या 59. फॉलोऑननंतर दोघांची अदलाबदल झाली. तिसऱ्या दिवसअखेर भारत 4 बाद 254, म्हणजे अद्याप 20 धावांनी मागेच. चौथ्या दिवशी मात्र ही जोडी दिवसभर फुटली नाही. 335 धावा जमल्या. भागीदारी 376 धावांची झाली, लक्ष्मण 281, द्रविड 180, आणि भारताने सामना 171 धावांनी जिंकला.

दोघांच्या भागीदारीत दोराच्या टोकाशी लपावयास जागा नसते, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येकाचा वाटा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. मात्र खाली ढकललेल्या खेळाडूस त्याचे कारण नीट समजावून सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे. न सांगता केलेला बदल कोवळ्या मुलास केवळ अपमान वाटतो. तरुण संघ हाताळणाऱ्या शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा.

पुढे एकदिवसीय संघात एक फलंदाज अधिक खेळविता यावा म्हणून द्रविड यांनी यष्टिरक्षणही पत्करले. 2003 च्या विश्वचषकात, अंतिम सामन्यापर्यंत, यष्ट्यांमागे तेच उभे होते.