वसंतातली बिअर जानेवारीत ठरते

शिकागोच्या उपनगरात जानेवारीत अंगणात बर्फ साचलेला असतो, आणि घरी बिअर करणाऱ्यांनी मे महिन्याचा विचार नेमका तेव्हाच करायचा असतो. वसंतात प्यायची बिअर वसंत आल्यावर करायला घेतली की एक तर ती ऐन उन्हाळ्यात तयार होते, नाही तर तारीख गाठायची म्हणून अर्धवट आंबलेली बाटलीत भरली जाते. पहिल्यात नुसता हिरमोड आहे. दुसऱ्यात काचा उडतात. आमच्या तळघरात त्या उडाल्या, म्हणून हे लिहिते आहे.

ती सेझाँ होती. बेल्जियमच्या वालोनी भागातल्या शेतांवर थंडीत करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना द्यायची, अशी या बिअरची परंपरा. कोरडी, खूप फसफसणारी, जिभेवर किंचित मिऱ्याची चव ठेवणारी. मेच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतले हौशी लोक ठिकठिकाणी जमून बिअर करतात, त्याला ‘बिग ब्रू’ म्हणतात. त्या दिवशी मित्रमंडळींना द्यायची म्हणून मी मार्चच्या अखेरीस सेझाँ लावली. तयार किटबरोबर आलेल्या कागदावर ‘दोन आठवडे आंबवा, मग बाटल्या भरा’ असं छापलेलं होतं. दोन आठवड्यांनी एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर बिअरची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.010 दाखवत होता, दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तरी तेवढंच. बाटल्या भरल्या. मेच्या त्या शनिवारी सगळ्यांनी ती आवडीने प्यायली. उरलेल्या बाटल्या तळघरात राहिल्या. मेच्या अखेरीस हवा तापली आणि एका संध्याकाळी त्या एकामागून एक फुटल्या. काचेचे तुकडे छताच्या प्लास्टरबोर्डात रुतून बसले. माझी मुलगी थोड्याच वेळापूर्वी तिथून सायकल घेऊन बाहेर पडली होती.

असं का झालं, हे प्रत्येक घरगुती ब्रूअरला माहीत असलंच पाहिजे. माल्टच्या काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, साध्या साखरा असतात तशा डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्याही असतात. नेहमीचं बिअरचं यीस्ट साध्या साखरा खातं आणि डेक्स्ट्रिनला हात लावत नाही. सेझाँच्या अनेक यीस्टची जात मात्र वेगळी असते. तिला ‘डायस्टॅटिकस’ म्हणतात. ती एक एन्झाइम बाहेर सोडते, त्याने डेक्स्ट्रिनचे तुकडे पडून ग्लुकोज होतं, आणि यीस्ट तेही सावकाश खात राहतं, कधी आठवडेच्या आठवडे. म्हणजे 1.010 हा शेवट नव्हता, विसावा होता. त्या किटच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आता दाबाचा हिशोब पाहा. बिअरमधला वायू ‘पटी’त मोजतात: एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल तर अडीच पट. बाटली भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर घातली, तर तिचा आणि बिअरमध्ये आधीच असलेला वायू मिळून ही अडीच पट जवळजवळ भरते. पुढे बंद बाटलीत ग्रॅव्हिटी 1.010 वरून 1.004 वर उतरली, तर शेवटच्या स्थानावरच्या दर दोन अंकांमागे साधारण एक पट या हिशोबाने आणखी तीन पट वायू तयार होतो. एकूण साडेपाच. साध्या तपकिरी बाटलीत तीनच्या वर जायचं नाही, हा माझा नेम आहे.

त्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. यीस्ट घातल्यावर वर्टमधलं पेलाभर एका बरणीत वेगळं काढा, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घाला, बरणी सैल झाकून 25 अंश सेल्सिअसच्या आसपास उबेला ठेवा आणि रोज हलवा. मुख्य भांड्यातली बिअर पुढे कुठे जाऊन थांबणार, हे ही बरणी आधीच सांगते. मोठ्या भांड्यातली ग्रॅव्हिटी बरणीतल्या शेवटच्या आकड्याला टेकल्याशिवाय बाटली हातात घ्यायची नाही. पाकिटावर डायस्टॅटिकस लिहिलेलं असेल तर टेकल्यावरही दोन आठवडे थांबा आणि शॅम्पेनच्या किंवा बेल्जियन धाटणीच्या जाड बाटल्या वापरा. त्या यीस्टच्या नळ्या आणि प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवा. ओरखड्यांत ते टिकून राहतं आणि पुढच्या साध्या बिअरमध्ये शिरतं. प्रत्येक खेपेतली थोडी बिअर सोडावॉटरच्या प्लॅस्टिक बाटलीत भरून ठेवायची. दाबून बघितली की आतला दाब कळतो. ती दगडासारखी लागली तर बाकीच्या सगळ्या ताबडतोब फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, कारण थंडीत यीस्ट झोपतं आणि वायू बिअरमध्ये विरघळून राहतो. हे करताना डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे आणि बाटल्यांवर जाड टॉवेल. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता बेताकडे येते. बेत नेहमी पिण्याच्या तारखेपासून मागे मोजत करावा. बव्हेरियात 1553 सालच्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मार्चमध्ये शेवटची केलेली मेर्त्सन नावाची बिअर तळघरात ठेवून शरदापर्यंत पुरवायचे. आणि वसंतात प्यायची? ती थंडीतच केलेली असायची. फ्रिज आले तरी यीस्टची चाल काही बदललेली नाही.

माझ्या मते वसंताची खरी बिअर म्हणजे माईबॉक: फिकट सोनेरी, पण अंगात दम असलेली, सुरुवातीची ग्रॅव्हिटी 1.064 ते 1.072. हिला घाई अजिबात चालत नाही. 10 अंशांच्या आसपास तीन आठवडे आंबणं, शून्याच्या जरा वर किमान सहा आठवडे मुरणं, बाटलीत तीन आठवडे. बारा आठवडे इथेच झाले. मेचा पहिला शनिवार गाठायचा तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ही अगदी शेवटची तारीख, आणि अडीअडचणीला जागा ठेवायची तर जानेवारी. माईबॉक ही लागर, म्हणजे थंडीत आंबणारी बिअर. लागर यीस्ट थंडीत काम करत असल्याने ते उबेत आंबणाऱ्या एलच्या दुप्पट लागतं, एका पाकिटात भागत नाही. म्हणून मी डिसेंबरच्या अखेरीस एक हलकी पिल्सनर करते आणि तिच्या तळाशी बसलेलं ताजं यीस्ट बॉकला वापरते. पिल्सनर पदरात पडते ती वेगळीच. आंबणं संपत आलं की बॉकचं तापमान दोन-तीन दिवस 16 ते 18 अंशांवर न्यायला विसरू नका. नाही तर लोण्यासारखा वास राहतो, आणि नंतर कितीही मुरवली तरी तो नीट जात नाही.

इथली थंडी या कामाला मदतच करते. फेब्रुवारीत नळाला येणारं मिशिगन सरोवराचं पाणी इतकं गार असतं की उकळता वर्ट तांब्याच्या वेटोळ्यातून झटपट थंड होतो. तळघराचा कोपरा लागरसाठी आयता थंड मिळतो. पण हीच थंडी जिवावरही बेतते. बाहेर गारठा म्हणून गॅरेजचं दार लावून प्रोपेनचा बर्नर पेटवणारे लोक मी पाहिले आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. दार पूर्ण उघडं ठेवता येत नसेल तर त्या दिवशी बिअर करू नका.

सेंट पॅट्रिकच्या दिवसासाठी, म्हणजे 17 मार्चसाठी, आयरिश ड्राय स्टाउट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली तरी पुरते. गव्हाची बिअर ताजीच चांगली, ती एप्रिलच्या सुरुवातीला. आंबट-खारट जर्मन गोझे मी कोकमाच्या आगळावर करते आणि ती इथल्या लोकांना मनापासून आवडते. आगळात मीठ असतंच, तेव्हा कृतीत सांगितलेलं मीठ वगळा. हॉप्सबद्दल एकच सांगते: अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातली तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात होते, म्हणजे वसंतापर्यंत ते सहा महिन्यांचे झालेले असतात. हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवलेलेच घ्या.

मेमध्ये स्प्रूसच्या फांद्यांना कोवळे पोपटी शेंडे येतात. ते बिअरमध्ये घालण्याची उत्तर अमेरिकेत जुनी चाल आहे. मात्र उपनगरांत घरोघरी कुंपणाला यू नावाचं झुडूप लावलेलं असतं. त्याची पानंही सुईसारखी, आणि ती जीवघेणी विषारी. झाड ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर शेंडे तोडू नका.

कायद्याचंही सांगायला हवं. अमेरिकेत 14 ऑक्टोबर 1978 ला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा कर उठला आणि पुढच्या फेब्रुवारीपासून ती मोकळेपणी करता येऊ लागली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, अधिक असतील तर 200. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी दिली ती थेट 2013 साली. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पुण्या-मुंबईची भाचेमंडळी कृती मागतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते आणि कृती देत नाही.

तुम्ही अमेरिकेत असाल आणि हे वाचेपर्यंत फेब्रुवारी संपला असेल, तर यंदा माईबॉकचा नाद सोडा. गव्हाची करा, किंवा सेझाँ लावून बरणीतल्या आकड्याची वाट पाहा. मेच्या शनिवारपर्यंत ती तयार झाली नाही, तर पाहुण्यांना दुकानातली बिअर आणून द्या.