परळचं रक्त, कोकणचं फुरसं आणि प्रथिनांची गर्दी

मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुना घातला की प्रथिनांची यादी बाहेर पडते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. यंत्र भारी आहेच, पण खरी डोकेदुखी नमुन्यातल्या गर्दीची. ती समजून घ्यायला परळला जाऊ. तिथे १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि १८९९ पासून जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये असलेली हाफकिन संस्था जवळजवळच आहेत. एकीकडे कर्करोग्यांचं रक्त, दुसरीकडे सर्पविषावरच्या कामाची जुनी परंपरा.

आधी रक्त. रक्तद्रवातल्या प्रथिनांत वजनाने निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या अल्ब्युमिनचा, मिलिलिटरला साधारण ४० मिलिग्रॅम. इंटरल्युकिन-६ सारखं संदेशवाहक प्रथिन निरोगी माणसात असतं काही पिकोग्रॅम. भागाकार करा, एकास सुमारे हजार कोटी! (पृथ्वीवरची माणसंसुद्धा एवढी नाहीत.) इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत, हा पल्ला मोजायला ३३-३४ बिटांचा एडीसी लागेल. मास स्पेक्ट्रोमीटर एका दमात १० च्या चौथ्या-पाचव्या घातापर्यंत जातो.

त्यात गर्दी आपणच वाढवतो. ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाला लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं. एका मध्यम प्रथिनाचे चाळीस-पन्नास तुकडे, म्हणजे हजार प्रथिनांचे पन्नास हजारांपर्यंत. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहून ओळखीचा चेहरा शोधून बघा! जे तुकडे मुबलक, तेच विद्युतभार पळवतात आणि यंत्रही सगळ्यात ठळक संकेतच आधी निवडतं. म्हणून तोच नमुना दोनदा चालवला तरी दोन याद्या तंतोतंत जुळत नाहीत.

उपाय आहेत. क्रोमॅटोग्राफीने नमुन्याचे वीस भाग करा आणि एकेक तासभर चालवा. पण शंभर रुग्ण असले तर दोन हजार तास, म्हणजे यंत्र ८३ दिवस अखंड चालू! मग अल्ब्युमिनच प्रतिपिंडांनी गाळून टाकावं, असं कुणीही म्हणेल. पण अल्ब्युमिन हे रक्तातला हमाल आहे. त्याच्या पाठीवर बसलेली बारीक प्रथिनंही त्याच्याबरोबर जातात. कदाचित कर्करोगाची खूण त्यातच असायची. माझ्या मते सगळं एकदम शोधण्याचा हट्ट सोडून ठरावीक पाच-दहा प्रथिनंच नेमकी मोजणं अधिक शहाणपणाचं. अर्थात, कुठली मोजायची हे आधी माहीत हवं!

विषाची गोष्ट उलटी. तिथे प्रथिनांची कुळं मोजकीच, पण एकेका कुळातली भावंडं अगदी सारखी. कापल्यावर तुकडे समाईक निघतात आणि कुठला तुकडा कोणाचा हे कळत नाही. हा काही निव्वळ अभ्यासाचा प्रश्न नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि प्रतिविषाचा गुणही कमीजास्त होतो. फरक नेमका कुठल्या भावंडात आहे, ते कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार?

म्हणून काही जण ट्रिप्सिन न वापरता अखंड प्रथिनच यंत्रात सोडतात. लहान विषप्रथिनांना ही पद्धत झकास लागू पडते. मोठ्यांना मात्र ती तितकीशी जमत नाही, आणि कोकणातल्या फुरशाच्या विषात रक्तस्राव घडवणारी मोठी मेटॅलोप्रोटीनेजच भरपूर असतात.