विहिरीचे पाणी आणि धर्मगुरूचे कर्तव्य

श्रद्धा उपासनेपाशी संपते, की कामाच्या जागीही सोबत येते? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईत सापडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायतींवर बिल्डरांची नजर पडली, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी केले. धमक्या आल्या, ते मागे हटले नाहीत. धर्मगुरूने पाण्याच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणास वाटेल. पण विहीर आटली की आधी तहानलेला राहतो तो गरीबच. पुढे त्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले.

रुग्णालयाची विहीर कोणती, असा विचार आम्ही करू लागलो, तेव्हा दृष्टी केसपेपरच्या रांगेकडे गेली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील ठेक्यावरचा कामगार येथे येतो तेव्हा त्याचा खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी बुडते. तो दोन तास तिष्ठला, तर आमच्या भिंतीवरील सेवेची वचने त्याच्या लेखी कोरडीच. रात्रपाळी करून आलेल्यास आधी तपासावे, ही सूचना आमच्या एका परिचारिकेने मांडली. ती अमलात आणण्यास आम्ही, म्हणजे वरिष्ठांनी, दोन महिने घेतले.