रक्तगटाला मुंबईचं नाव कसं?

प्रश्न : आमच्या भागात रक्तदान शिबिर होतं. तिथे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव कानावर पडलं. आम्हाला ए, बी, एबी आणि ओ एवढेच गट ठाऊक. रक्तगटाला शहराचं नाव कसं पडलं? तो फक्त मुंबईकरांचा असतो का?
– एक वाचक, देहूरोड

उत्तर : हा गट मुंबईत पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याला ते नाव मिळालं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना तीन जणांच्या रक्तात एक कोडं आढळलं. लाल पेशी तपासल्या की गट ‘ओ’ वाटे. पण त्यांच्या सीरममध्ये दुसऱ्या कुणाच्या ओ गटाच्या पेशी मिसळल्या तरी गुठळ्या होत. ओ रक्त सगळ्यांना चालतं, हा समज इथे टिकला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात शहराचं नाव नव्हतं, ते पुढे रुळलं. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, तरी शास्त्रातलं नाव तेच राहिलं.

याचं मूळ जनुकांत आहे. ए आणि बी या खुणा लाल पेशीवर थेट बसत नाहीत; आधी ‘एच’ हा घटक लागतो. जोतंच नसेल तर भिंत उभी राहत नाही, तसंच हे. एच घडवणारं जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही निकामी आलं, तर ए किंवा बीचं जनुक अंगात असूनही पेशीवर खूण उमटत नाही. त्यामुळे आईवडील एबी आणि मूल साध्या तपासणीत ‘ओ’, असं क्वचित घडू शकतं. अशा वेळी घरात कुणी कुणावर संशय घेऊ नये; आधी रक्ताची सखोल तपासणी करावी.

हा गट मुंबईपुरता नाही. भारतात सुमारे १०,००० जणांत एक, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक, असं त्याचं प्रमाण सांगतात. या लोकांना याच गटाचं रक्त चालतं, साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर सीरमही तपासायला हवं. घरात कुणाचा हा गट निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी जरूर करावी. त्यांच्यात तो सापडण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. ज्यांचा हा गट निघेल, त्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावं. अडचणीच्या वेळी दाता शोधताना हीच नोंद उपयोगी पडते.